रेशमी हातमोज्याचे गाणे

प्रिय रोझाल्बा,

ज्याच्या कृपेने मुक्या जखऱ्याची जीभ मोकळी झाली, त्या प्रभूचे स्मरण करून लिहावयास बसलो आहे.

तुझे पत्र तीन आठवडे माझ्या प्रार्थनापुस्तकात आहे. तुझ्या चित्रपटात तुझ्या बाबांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, गाएतानोच्या, खुनाच्या प्रसंगी संगीतकाराला व्हायोलिनचा विलाप हवा आहे. तुला मात्र त्या दिवशी त्याच्या मिठाईच्या दुकानात, नाणे टाकून वाजणाऱ्या यंत्रावर, जे गाणे लागले होते तेच हवे आहे. “काका, ते कोणतं गाणं होतं, हे अख्ख्या ब्रुकलिनमध्ये कुणालाच कसं आठवत नाही?” असे विचारतेस. सोमवारी निर्माता विलापावर शिक्का मारणार, हेही लिहितेस.

तुझेच खरे आहे. विलाप ऐकला की प्रेक्षक आधीच रुमाल काढतो. मृत्यू अशी वर्दी देत नाही. बायबलातल्या ईयोबाची मुले आपल्या थोरल्या भावाच्या घरी जेवत असतानाच ते घर कोसळले. त्या पंगतीतही कोणी गुणगुणत असेलच.

गाणे रेशमी हातमोज्याचे होते. ट्राममध्ये हातमोजा विसरलेल्या मुलीचे, आपल्याच गल्लीतल्या चौघांनी गायलेले. रविवारची दुपार होती. “पुन्हा तेच? अरे, त्या पोरीला एक नवा हातमोजा घेऊन दे आणि मला सोडव!” कनोलीच्या कुरकुरीत नळ्यांत गोड रिकोटा चीज भरता भरता गाएतानो ओरडला, आणि हसला. गाणे एकदम तीनदा लावलेले होते. नाणी आत गेली की ते यंत्र कोणाचे ऐकत नसे. दुसऱ्या फेरीत एक मनुष्य आत आला आणि त्याने दोन गोळ्या झाडल्या. गाणे थांबले नाही. ते संपले, सुई उचलली गेली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. गाएतानोचा श्वास संपला तेव्हाही ती मुलगी हातमोजाच शोधत होती. तुझ्या पटकथेत गोळीसरशी गाणे तुटते, तेवढे दुरुस्त कर.

हे मला कसे ठाऊक? ती नाणी मी टाकली होती. एकोणीस वर्षांचा होतो, भावाला चिडवावे एवढाच हेतू. तो मनुष्य माझ्याकडे वळला. “तू इथे नव्हतासच. हो ना, बाळा?” मी म्हणालो, “नव्हतो.” पोलिसांना तेच सांगितले. तुझ्या आईलाही: “वहिनी, मी चर्चमध्ये होतो.” पुढे पाद्री होऊन आजवर चर्चमध्येच राहिलो, आणि तो मनुष्य म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात मेला. प्रभूला तीनदा नाकारणारा पेत्र कोंबडा आरवताच बाहेर जाऊन रडला. मला सत्तावीस वर्षे लागली.

हे पत्र आधी तुझ्या आईला वाचून दाखव, मग निर्मात्याला. ती काय म्हणेल, ते मला सोसले पाहिजे. आणि एक मागणे आहे. तुझ्या प्रसंगात त्या यंत्रापाशी कोणीच नाही. तेथे एक तरुण उभा कर, आणि त्याचा चेहरा दिसू दे.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला, ज्याचे बोलणे अजून घशातच अडकले आहे त्यालाही, प्रभू वाचा देवो आणि शांती देवो.

तुझाच,
आन्सेल्मो काका