पंप टाकीत की टाकीबाहेर

रविवार, ९ मार्च २०२५

मावत नाही! हिवाळाभर टेप घेऊन मोजमापं झाली, आणि गाडी गॅरेजमध्ये मावत नाही. नाक बाहेर. लंडनच्या टोकाला, स्टॅनमोरच्या आमच्या या गपगार गल्लीत एकोणसत्तर सालची लालभडक अमेरिकन मसल कार. मसल! माझ्या नवऱ्याला, जयंतला, हल्ली लोणच्याची बरणी उघडत नाही.

रिटायर झालेले पुरुष बागकाम करतात. ब्रिज खेळतात. याने इंजिन आणलं.

शनिवार, १५ मार्च

चालली! कोपऱ्यापर्यंत. मग बंद. पेट्रोल इंजिनपर्यंत पोचतच नाही म्हणे—पंप गेलाय. साठी ओलांडलेली बाई मागून ढकलतेय आणि हा आत बसून—"सुप्रभा, जरा जोर लाव!"

समोरच्या मिसेस कॉलिन्स हात हलवत होत्या. मदतीला नव्हे. मजेने.

रविवार, ३० मार्च

इथला मदर्स डे. ईशिताचा फोन कार्डिफहून, हॉस्पिटलच्या ब्रेकमध्ये. मायलेकींचं "कशी आहेस" होतंय तोवर बापाने फोन घेतला आणि लेकीला पंप समजावला. डॉक्टर आहे ती, मेकॅनिक नाही—पण ऐकतो कोण.

मलाही पाठ झालंय आता. एक—जुन्या पद्धतीचा, इंजिनवरच बसवलेला, इंजिनच त्याला चालवतं. साधा, पण तापतो. दोन—विजेवरचा, मागे टाकीजवळ बाहेर लावायचा. घरघर करतो. तीन—विजेवरचाच, पण टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला. त्यासाठी अख्खी टाकी खाली उतरवावी लागते. मात्र गार राहतो आणि गप्प राहतो.

गार आणि गप्प! नवऱ्यात असा प्रकार मिळत असता तर मी तेव्हाच टाकी उतरवून घेतली असती.

शनिवार, १२ एप्रिल

रीडिंग गावाहून अवधूत आला. जयंतचा कॉलेजचा मित्र, जन्मभर सॉफ्टवेअरमध्ये. स्वतःची गाडी बॅटरीवरची—पेट्रोल शेवटचं कधी भरलं तेही आठवत नाही त्याला. पण सल्ला तयार! "वहिनी, पंप नेहमी मोठाच घ्यावा. पॉवर लागते हो या गाड्यांना." मी म्हटलं, "पॉवरचं माहीत नाही, पोहे घ्या."

दोघांनी मिळून दिवसभरात बाहेरचा पंप बसवला. मोठाच. बटण दाबल्यावर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल उतू गेलं—दूध जातं तसं. वाटीने पाणी मागणाऱ्याला यांनी बंब लावला.

अवधूत "इंटरेस्टिंग!" म्हणाला आणि जेवायला न थांबता गेला. हा माणूस श्रीखंड सोडून कधी गेलेला नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

आता गाडीवाल्यांचा ऑनलाइन फोरम. ओहायोतला कुणी म्हातारा लिहितो—मुळात होता तोच पंप लावा, दुसरा लावणं म्हणजे गाडीचा अपमान. ग्लासगोतला दुसरा म्हणतो, पहिला मूर्ख आहे. जयंत दोघांनाही "यू आर ॲब्सोल्युटली राइट" असं उत्तर देतो. लंडनच्या सिटीत, त्या पैशाच्या बाजारात, इतकी वर्षं टिकला तो असाच.

सोमवार, ५ मे

बँक हॉलिडे. गाडीचा अपमान टळला—इंजिनवरचा पंप बसला. मिरवणूक एजवेअरपर्यंत. सिग्नलच्या रांगेत ऊन लागलं, इंजिन तापलं, पेट्रोल पाइपातच उकळलं, गाडी ठप्प. मागे बस. बसच्या ड्रायव्हरने खिडकी उघडली—"लव्हली सोफा, मेट!"

हसून हसून माझ्या पोटात दुखलं. जयंत बॉनेट उघडून वाकला होता. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

शनिवार, ७ जून

सगळं लिहूनच काढते.

ईशिता वीकेंडला आलीय. मी आमटीला फोडणी घालत होते—हिंग, मोहरी, सगळं घर भरलेलं—आणि त्यावर मात करून पेट्रोलचा भपकारा. गॅस बंद केला, गॅरेजकडे धावले. जुनी रबरी नळी फाटलेली, खाली थारोळं. आणि जयंत त्यात गुडघे टेकून बसलेला! इंजिनवरचा पंप सोडून परत विजेवरच्या पंपाच्या वायरी जोडायला निघाला होता. हातात सोल्डरिंगचं यंत्र—प्लग लावायचाच बाकी.

मी ओरडले. तो दचकला. "काय झालं?"

"काय झालं? वास येत नाही तुला?"

"कसला वास?"

मग माझं तोंड सुटलं. नाक भंगारात दिलंस का, त्या बदल्यात ही गाडी मिळाली का—बरंच काही. ईशिताने त्याला हाताला धरून बाहेर आणलं, दार सताड उघडलं. ती हसली नाही.

"आई, थांब. त्याला खरंच नाही आला."

स्वयंपाकघरात बसवलं त्याला. डोळे मिटायला लावले. हिंगाची डबी उघडून नाकाखाली धरली. "बाबा, हा डबी कसला आहे?"

जयंतने मन लावून हुंगलं. "चहा?"

ती मला हळूच म्हणाली, "बाबा चालताना उजवा हात हलवतच नाही. कधीपासून असा?"

एरवी तिचं "हा डबी" ऐकलं की मी तिथल्या तिथे सुधारते. आज नाही सुधारलं.

मंगळवार, ८ जुलै

जीपीने, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरने, पुढे पाठवलंय. न्यूरॉलॉजीची तारीख सप्टेंबरची.

जयंत अजून पंप निवडतोय. मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा पार्लमेंट लवकर ठरवते." तो हसला. म्हणजे हसला असावा. चेहऱ्यावर फारसं काही आलं नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

पार्किन्सन्स. वास आधी जातो म्हणे, कधीकधी कित्येक वर्षं आधी.

परतताना ट्यूबच्या डब्यात जयंत म्हणाला, "गाडी विकून टाकू, सुप्रभा." घरी आले, कोट न काढताच टाकीतला पंप मागवला. तो सांगेल. मी गाडीखाली शिरेन.