तारेचा धूर आणि पुढचं दार

४ एप्रिल १९९६, भिंगार
...त्या सकाळी नळाला पाणी लवकर आलं होतं. हंडे भरले, भाकरी थापल्या, आत्याबाईंचं अंथरूण उन्हात टाकलं. हे पुढचं दार सताड उघडून उंबऱ्याशी टेबल लावून बसलेले. हीटरची तार तापवून थर्माकोलची अक्षरं कापायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचं. मी म्हटलं, "काम करता का सभा भरवता?" नुसते हसले. विशेष काही नाही. तीच सकाळ आठवते.

हे गेले, आता तार मी तापवते. चौदा तारखेच्या जयंतीची कमान, मग लग्नसराई. धूर घशाला लागतो. आतल्या खोलीत आत्याबाई खोकतात. डॉक्टर म्हणाले, धूर बंद करा, नाहीतर काम बंद करा. काम बंद करून सासू-सुनेनं खायचं काय?

७ एप्रिल
विलासभावजींनी गॅरेजातला जुना एक्झॉस्ट फॅन आणला. कामाच्या खोलीच्या मागच्या खिडकीत बसवला. "वैनी, आता धूर सरळ भायेर."
गेला. शेजारच्या शकूवहिनीच्या वाळवणावर. भिंतीपलीकडून हाक: "अगं, जावयाला काय धुरकट कुरडया वाढू? तोंडात घालून बघ." चाखली. वास होताच.

९ एप्रिल
भावजींनी फॅनला पत्र्याची नळी लावली, तोंड छपराच्या वर काढलं. शकूवहिनी शांत.
खोकला तसाच. धूर खोलीतच घुटमळतो. आतलं दार लावते, फटीत गोणपाट कोंबते. पुढचं दार तर हे गेल्यापासून बंदच. आत्याबाईंचा हट्ट, "एकट्या बाईनं दार उघडं टाकून बसू न्हाई. लोकं नावं ठेवत्यात."

११ एप्रिल
ह्यांच्या फोटोपुढं उदबत्ती लावली. फॅन चालू, तरी धुराची रेघ सरळ वर. हलेना. वाचनालयातल्या विज्ञानाच्या पुस्तकात होतं, हवा बाहेर जायची तर तेवढीच आत यावी लागते. वाचलं तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं.
पुढचं दार थोडं उघडलं. रेघ वाकली, खिडकीकडं निघाली.
म्हणजे दार हे उघडं ठेवायचे ते गप्पांसाठी नव्हतं. का दोन्हीसाठी? विचारायचं राहिलं.
आत्याबाई उठून आल्या. "लाव ते दार."
"मग तुमचा खोकला?"
"खोकला माझा हाय. नाव घराचं जाईल."
लावलं. जयंतीची अक्षरं अजून निम्मी...

१३ एप्रिल
काल सकाळी पाणी भरलं, भाकरी केल्या, आत्याबाईंना चहा दिला. टेबल खिडकीशी ओढलं. फॅन लावला. पुढचं दार सताड उघडलं आणि कमानीचा 'ज' कापायला घेतला.