निमोनियातून बरा झालेला नवरा आवरत नसल्याबाबत

प्रति,
मेहेरबान वैद्यकीय अधिकारी साहेब,
सरकारी दवाखाना, परभणी.

अर्जदार : सुगंधाबाई भ्रतार अंगद, धंदा शेळ्या-मेंढ्या पाळणे, राहणार झरी.

विषय : नवऱ्याच्या आरोग्यप्रचारामुळे मुलीचे लग्न धोक्यात आल्याबाबत.

संदर्भ : गेल्या पौषात साहेबांनी वाचवलेला इसम.

महोदय,

१. अर्जदाराचा नवरा अंगद हा मुळात अबोल. मेंढरांशी बोले तेवढेही माणसांशी बोलत नसे. फ्लूची साथ गावावरून गेली, तीत त्यालाही खोकला झाला. तो बरा होतो न होतो तोच हुडहुडी भरून जबर ताप आला, बरगडीत कळ मारू लागली, धाप लागली आणि बेडका गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचा पडू लागला. सासू कडूबाई यांनी वारा बाधला असे ठरवून दार लावून घेतले व खाटेखाली गोवऱ्यांची शेगडी ठेवली. भेटीस आलेली मंडळी आत बसून एकच चिलीम फिरवीत धीर देत होती. मुलूख हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला, पण धूर काही घरातून बाहेर गेला नाही. नवऱ्याचे ओठ निळे दिसताच अर्जदाराने बैलगाडी जुंपवली. सासूबाई चाकापुढे बसल्या व म्हणाल्या, "दवाखान्यात नेलंस तर माझं लेकरू वापस येत न्हाई." अर्जदार म्हणाली, "आत्याबाई, हितं ठिवलं तरी ऱ्हात न्हाई. सरका." त्या सरकल्या आणि रडत रडत गाडीत चढून बसल्या.

२. साहेबांनी पेनिसिलीनच्या सुया दिल्या. ताप उतरताच नवरा घरी निघाला, तेव्हा साहेबांनी त्याला खाटेवर बसवून समजावले, की डोळ्यांना न दिसणारे जंतू फुफ्फुसात ठाण मांडतात. ताप गेला म्हणजे ते सगळे मेले असे नव्हे, म्हणून सुया पुऱ्या घ्याव्यात. ते खोकल्यातून, थुंकीतून एकाकडून दुसऱ्याकडे जातात. फ्लूने थकलेल्या, धुराने पोळलेल्या छातीत त्यांचे फावते. तेव्हा घरात वारा खेळवावा, धुराला वाट द्यावी, खोकताना तोंडापुढे फडके धरावे, हात धुवावेत, चिलीम सोडावी. येथवर अर्जदाराची काहीही तक्रार नाही. परंतु निरोप देताना साहेब म्हणाले, "हे गावात सगळ्यांना सांगा." नवरा साहेबांचा शब्द खाली पडू देत नाही.

३. अंगात बळ येताच त्याने पहार घेऊन घराच्या भिंतीला खिडकीएवढे भोक पाडले. सासूबाई म्हणाल्या, "ताप डोस्क्यात चढलाय." (उन्हाळा लागल्यावर त्या त्याच भोकाखाली खाट टाकू लागल्या, ही गोष्ट वेगळी.) मग भावाची भिंत. मग शेजारीण दगडाबाई भाकरी थापत असता मागच्या भिंतीतून पहार आत आली, ती तिच्या तव्यापर्यंत. चावडीवर पाटील दत्तराव खोकले, तर नवऱ्याने आपल्या पटक्याचे टोक त्यांच्या तोंडावर धरले. पाटील अजून बोलत नाहीत.

४. अशात मुलगी मनकर्णा हिला बघायला पाथरीचे आश्रुबा आपल्या मुलासह आले. घोंगडीवर टेकतात तोच ते खोकले. चहा यायचा होता. नवरा पुढे सरकला व सर्वांदेखत म्हणाला, "पाव्हणं, बेडका कसल्या रंगाचा हाय?" आश्रुबा ताडकन उठले. "आमी सोयरिकीला आलोत, का दवाखान्यात?" नवऱ्याने विचारले, "बरगडीत कळ येती का?" पाहुणे चहा न घेता गेले; नवरा वेशीपर्यंत मागे ओरडत गेला, "दार लावू नगा, धूर करू नगा, दवाखाना गाठा." मनकर्णा जेवली नाही. अर्जदाराने नवऱ्याशी बोलणे टाकले. तो एवढेच म्हणे, "त्येचा दम बरा न्हवता."

५. पुढे पाथरीहून निरोप आला, की आश्रुबांना वाटेतच हुडहुडी भरली. बेडका बघायचा नव्हता, पण नवऱ्याने विचारलेच होते म्हणून त्यांनी बघितला. रंग तोच. त्यांनी घरच्यांना दार लावू दिले नाही, धूर करू दिला नाही. सरळ तिथला दवाखाना गाठला व वाचले. बरे होताच स्वतः झरीस आले, नवऱ्याच्या गळ्यात पडले आणि सोयरीक पक्की करून गेले. घरात सर्वांना रडू आले. अर्जदारालाही आले.

६. खरी तक्रार येथून सुरू होते. पाथरीच्या डाक्टरांनीही आश्रुबांना "सगळ्यांना सांगा" असेच सांगितले आहे. आता व्याही दोन व मत एक. मांडवाला आडपडदे लावायचे नाहीत, वारा अडतो. लग्न लावणाऱ्या गुरुजींनी तोंडापुढे फडके धरून मंगलाष्टके म्हणायची; गुरुजींनी येत नाही असे कळवले आहे. आणि मांडवाच्या दारात दोघे उभे राहून प्रत्येक वऱ्हाड्यास अक्षता देण्यापूर्वी बेडक्याचा रंग विचारणार आहेत. अर्जदाराने हात जोडून पाहिले. दोघे म्हणाले, "हात धुतले का?"

७. तरी विनंती की, साहेबांनी लग्नास जातीने यावे, दोन व्याह्यांच्या मध्ये बसावे व तेवढा दिवस दोघांस गप्प ठेवावे. ते सुई टोचणाऱ्याखेरीज कोणास भीत नाहीत.

८. सदर अर्जावरून सुया वाया गेल्या असा अर्थ काढू नये. नवरा हयात आहे म्हणूनच त्याच्याविरुद्ध अर्ज करता येतो, याची अर्जदारास पुरती जाणीव आहे.

आपली उपकारबद्ध व हैराण,
सुगंधाबाई भ्र. अंगद
(डाव्या अंगठ्याची निशाणी)

झरी, ता. २१ मार्च १९५८

सोबत : लग्नाच्या अक्षता, पुडीत.

लिहिणार : गोविंदराव, शाळामास्तर, झरी. लिहिणारास साधी सर्दी आहे. अंगदास कळवू नये.