सुमनला उचलता येईल अशी बॅटरी

महाड, मंगळवार, संध्याकाळ

सुमनच्या बॅटरीवरच्या स्कूटरला आज नवी बॅटरी घेतली. जुनी दासगावपर्यंतही पुरेना, आणि तिथे तिची आई एकटी असते.

दुकानदाराने दोन दाखवल्या. मोठी एका चार्जमध्ये पोलादपूरला नेऊन परत आणेल, पण जड. दुसरी दासगावपुरती, हलकी. मी लगेच म्हणालो, मोठी द्या.

सुमनने मोठी उचलली, दुकानाच्या दारापर्यंत नेली आणि खाली टेकवली. तळहातावर लाल वळ उठला होता.

"रोज जिना चढून वर न्यायचीय ही," ती म्हणाली. खाली चार्जिंगला लावायची सोय नाही, पावसाळ्यात गल्लीत पाणी भरतं.

"मी नेईन की."

"अहो, डॉक्टरांनी तुम्हाला बादलीसुद्धा उचलू नका म्हणून सांगितलंय. माझी मला उचलता येईल अशी घेऊ या."

आपली बायपास झालीय हे मी असा कसा विसरतो? ती तर एक दिवस विसरत नाही. आत्ता लिहितानाही तिचा तो लाल तळहात दिसतोय.

हलकी घेतली. बॅटरी बसवून झाल्यावर ती म्हणाली, "बसा मागे, आईकडे जाऊन येऊ."

लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण तिच्या मागे मी कधी बसलो नव्हतो. हात कुठे ठेवावा कळेना. खांद्यावर ठेवू का, म्हणून विचारलं.

"नीट धरा," ती म्हणाली, आणि दासगाव येईपर्यंत अगदी सावकाश चालवली.