अरुंधती दिसेनाशी झाली तेव्हा

पनवेल, १८ एप्रिल १९६३
उकाडा. जेवणं आटोपून अंगणात खाट टाकली. कुसुम सप्तर्षींकडे बघत होती, एकदम म्हणाली, "अहो, वसिष्ठ दिसतो, अरुंधती नाही दिसत."
लग्नात मीच बोटाने दाखवली होती. ती दिसेनाशी झाली की माणूस सहा महिन्यांत जातं, हे हिच्या आजीचं शास्त्र. म्हटलं, मोतीबिंदू आहे तो, यम नव्हे.
"तुम्हाला दिसते ना?"
"दिसते की."
खोटं. मलाही वर्षभर दिसत नाही. सांगितलं तर स्वतःचं सोडून माझीच काळजी करत बसेल.

२१ एप्रिल
डॉक्टर म्हणतात, लगेच ऑपरेशन करू. कु. ऐकेल तर शपथ! "सहा महिन्यांसाठी डोळा कशाला कापून घ्यायचा?"
दुपारी मला वरणाला फोडणी द्यायला शिकवलं. का, ते दोघांनाही ठाऊक. मोहरी जाळली मी. जीव तुटतो.

२३ एप्रिल
मीठवाली बारकूबाई आली होती. कु.ने तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "त्या चांदनीचा काय घेऊन बसलीस बाय? मला त कवाच दिसली नाय. तरी हाय ना मी?"
ती गेल्यावर कु. म्हणते, "तिला कुणी दाखवलीच नसेल."

२५ एप्रिल
पेपरात बातमी. भुजंगधारीतल्या एका अंधुक ताऱ्याभोवती ग्रह आहे म्हणे. कुणी पाहिलेला नाही. वर्षानुवर्षं फोटो काढले, तर तारा सरळ न जाता किंचित हेलकावत जातो. त्यावरून ताडलं. पृथ्वीसारखा नाही, गुरूहूनही मोठा. पण एक आहे तर दुसरी पृथ्वीही असेल कुठेतरी... मास्तरकी सुटली तरी अंगावर काटा आला.
कु.ला वाचून दाखवलं. "न बघता कसं कळतं?" म्हटलं, अंधारात बाई चालली तरी कमरेवर कळशी आहे हे चालीवरून कळतं ना, तसं.
मग म्हणाली, "म्हणजे दिसत नाही म्हणून नाही, असं नाही."
"मी गेले आठ दिवस दुसरं काय सांगतोय?"
"तुम्ही नुसतं ओरडत होतात." आणि मग, "त्या दुसऱ्या पृथ्वीवरही कुणाला मोतीबिंदू झाला असेल, नाही?"
ऑपरेशनला हो म्हणाली.

४ मे
झालं ऑपरेशन. डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही. मी भरवतो. "वरण जमलं हो," म्हणाली. जमलं नव्हतं.

२९ जून
चार दिवसांनी आज संध्याकाळी आभाळ उघडलं. कु. नवा जाड चष्मा लावून अंगणात. मान वर. मी देवाचं नाव घेत उभा, आयुष्यभर न घेतलेलं.
"आहे. तिथेच आहे हो."
रडली. मीही.
मग म्हणाली, "आता तुम्ही दाखवा. लग्नात दाखवलीत तशी."
अंदाजाने बोट केलं. तिने ते धरलं आणि जरा बाजूला सरकवलं.
"पट्टी बांधून पडले होते ना, तेव्हा तुमची पावलं ऐकत होते. उंबऱ्याशी थांबतात, चाचपडतात. कळशी मला तेव्हाच कळली."
सोमवारी डॉक्टरांकडे चला म्हणते. बघू म्हटलं. भीती वाटते, हे खरं.
आत जायची वेळ झाली तरी बोट काही सोडलं नाही तिने.