इनास डाबरे यांचे मरण कुणी बदलू नये

मी, अ‍ॅलिस फ्रान्सिस डाबरे, वय एकतीस, मूळ वसईची, सध्या राहणार अल नहदा, शारजा, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. तब्येतही उत्तम आहे. काका जेरार्ड डाबरे यांनी मागच्या आठवड्यात फोनवर विचारले, "तुझ्यानंतर त्या फिल्मचं काय?" त्यांना उत्तर लेखी मिळावे.

१. बँकेतली शिल्लक व गाडी आईला. घर भाड्याचे आहे.

२. फिल्म जोडायचे माझे यंत्र व भिंग दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या जुन्या फिल्म दुरुस्त करायच्या ऑफिसातली सहकारी ईश्वरी सामंत हिला. भिंग ती आताही न विचारताच नेते.

३. माझ्या पणजोबांचे भाऊ इनास डाबरे यांचे मी लिलावात घेतलेले एकमेव रीळ (ते पेट घेऊ शकते, म्हणून पुण्यात थंड खोलीत ठेवले आहे) आणि त्याचा स्कॅन, हेही ईश्वरीला.

इनास बोटीवर खलाशी म्हणून गेले, न्यूयॉर्कला उतरले आणि परतले नाहीत. फिरत्या नाटक कंपनीत त्यांनी आधी मशाली धरल्या, मग राजे केले. सिनेमात मात्र ट्रे धरणारा नोकरच वाट्याला आला, तोही लवकर मरणारा. बोलपट आले, त्यांचे उच्चार नकोसे झाले. मग उरलेले आयुष्य ते स्टुडिओतले पडदे रंगवत राहिले. वसईत काका आजही सांगतात, की ते हॉटेलचे मॅनेजर होते.

या रिळात नायकाची गोळी लागून इनास जिन्यावरून पडतात. पडताना मान वळवून थेट कॅमेऱ्याकडे बघतात. मरणाऱ्या नोकराने असे बघायचे नसते. हे त्यांना कुणी सांगितलेले नसणार. फिल्म आपोआप साफ करणाऱ्या प्रोग्रामने तिथले ओरखडे पुसताना डोळेही पुसले होते. मी एकेक फ्रेम हाताने करून ते परत आणले.

काकांना नायकाच्या धडावर इनासचा चेहरा हवा आहे.

"हबीबी, आता कॉम्प्युटर सगळं करतो. मेलेला नोकर कोण बघणार?"

"मी बघते."

"लग्न झालं असतं तर असले उद्योग सुचले नसते तुला."

"खलास, काका. ठेवते."

४. म्हणून चेहरा, रंग, आवाज, काहीही बदलू नये. इनासना मरणोत्तर बढती देऊ नये. यावर लक्ष ठेवायचे काम ईश्वरीचे.

५. काकांनाही वाटा आहे. माझ्या दफनानंतर वसईच्या पॅरिश हॉलमध्ये हा स्कॅन मोठ्या पडद्यावर दाखवावा. काकांना पहिल्या रांगेत मधोमध बसवावे. इनास मान वळवतील, तेव्हा समोर काका असावेत.

वरील मजकूर मी स्वतः लिहून, पुन्हा वाचून सही केली आहे. यातलेही काही कुणी साफ करू नये.

(सही) अ‍ॅलिस फ्रान्सिस डाबरे

आमच्यासमोर सही झाली:
१. सुजीत मोहिते (सही)
२. अस्मी पाठारे (सही)

शारजा, ८ नोव्हेंबर २०२४