सी रेंजचा कॉलर माईक

१७ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
शाळेचा सुवर्णमहोत्सव ७ डिसेंबरला. सूत्रसंचालन अर्थात माझ्याकडे. सोबत निकिता मॅडम असतील, असं हेडसर फोनवर म्हणाले. नवी शिक्षिका आहे, शिकेल. माझा हातातला वायरलेस माईक तिला देणार. मन मोठं पाहिजे. स्वतःसाठी कॉलर माईक घ्यायचा. टीव्हीवरचे लोक लावतात तसा.
निवृत्तीला सात वर्षं झाली. सोनईतला एकही मोठा कार्यक्रम माझ्याशिवाय झालेला नाही. (दोन झाले. तेव्हा मला ताप होता.)
संकल्प : रोज अर्धा तास आवाजाचा रियाज. कुणाबद्दलही वाकडं बोलायचं नाही.

१९ नोव्हेंबर
माईक मोबाईलवरून मागवला. माझ्या रिसीव्हरचीच कंपनी, तेच मॉडेल. 'रेंज निवडा' असं आलं. ए, बी, सी. सौ. म्हणाली, आपल्या रिसीव्हरच्या डब्यावर काय लिहिलंय ते आधी बघा. तिला समजावलं की रेंज म्हणजे आवाज किती लांब जातो ते. शाळेचं मैदान मोठं आहे. सी घेतली.
रियाज उद्यापासून.

२४ नोव्हेंबर, दुपारी
माईक आला. शर्टाला लावला. आरशात फार शोभतो.
आवाज येत नाही.

२५ नोव्हेंबर
सेल बदलले. रिसीव्हरच्या दोन्ही काड्या उभ्या केल्या, आडव्या केल्या. गच्चीवर गेलो. गच्चीवरून 'मान्यवर, बंधू आणि भगिनींनो' असं अकरा वेळा म्हटलं. शेजारच्या छबूबाई काय झालं म्हणून विचारायला आल्या. त्यांना ऐकू गेलं, पण ते माईकमुळे नव्हे.
सौ.ने चष्मा लावून दोन्ही वस्तू उलट्या केल्या. डब्यामागे ए आहे, माईकमागे सी. तिला अक्षरं दिसतात, तंत्र कळत नाही.

२७ नोव्हेंबर
भिंगारला याकोबच्या साउंडच्या दुकानात गेलो. बसमध्ये उभा.
याकोबने नुसतं उलटं करून पाहिलं आणि परत दिलं. "सर, रेंज म्हणजे अंतर नाही, रेडिओची पट्टी. तुमचा डबा एका पट्टीवर ऐकतो, हा माईक दुसऱ्या पट्टीवर बोलतो. कंपनी एक असली तरी यांची गाठ पडायची नाही."
म्हटलं, तुझा सी वाला डबा दे एक दिवस. तर म्हणाला, तो सात तारखेला तुमच्याच गावात लग्नाला आहे, शाळेला लागून असलेल्या कार्यालयात. माईक परत करा आणि ए मागवा, असा सल्ला दिला. खोका मी कात्रीने फाडलेला आहे. शिवाय चूक कंपनीची असताना मी का माघार घ्यायची?
याकोब व्यापारी माणूस. त्याला नवीन सेट खपवायचा असणार.

१ डिसेंबर
चारोळ्या तयार झाल्या. मी विषय देतो, सौ. कागदावर उतरवून देते. दिवंगत शिक्षकांसाठीची चांगली उतरली आहे :
फळ्यावरची अक्षरं पुसली,
खडू बोटांना राहिला;
शिकवणारा निघून गेला,
धडा आम्हांत राहिला.
एक शब्द बदलावा म्हणतो. म्हणजे पूर्ण माझी होईल. शब्द सुचला नाही.

५ डिसेंबर
रंगीत तालमीला गेलो नाही. अनुभवी माणसाला तालीम लागत नाही. माईक मोकळ्या मैदानात आपोआप लागेल, अशी माझी खात्री आहे. घरात भिंती फार.

७ डिसेंबर, सकाळी ७
जाकीट इस्त्री केलं. सौ. शाळेशेजारच्या कार्यालयात लग्नाला जाणार आहे. तिच्या बचतगटातल्या झुंबरबाईंच्या नातवाचं लग्न, जावंच लागतं. माझा आवाज तिला तिथवर येईल, असं सांगून निघालो.

७ डिसेंबर, संध्याकाळी ५.३०
लिहायची इच्छा नाही. पण रोजनिशीत खाडा नको.
स्टेजवर उभा राहिलो. पहिल्या वाक्यापासून मैदानात कुणी बघेना. निकिता मॅडमचा माईक खणखणीत. माझ्याच डब्यावर. मी दिवंगत शिक्षकांची चारोळी म्हटली आणि सर्वांना दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. मैदानात एकही उठला नाही. अध्यक्ष शेंगदाणे खात होते. मग निकिता मॅडमनी तेच सांगितलं आणि सगळे उठले.
शिपाई सहादेव पायरीशी आला. "सर, तुमचं काहीच ऐकू येत न्हाई."
मी मागे पडद्याआड गेलो. कॉलरला माईक तसाच होता. बंद पडलेला माईक काढून काय करायचं? सहादेवजवळ मन मोकळं केलं. अध्यक्षांना 'सुवर्ण' म्हणता येत नाही, 'सूर्ण' म्हणतात. निकिता अजून लहान आहे. आणि चारोळ्यांचं काय, आमच्या सौ.ने लिहिलेल्या ओळी मी म्हणतो म्हणून त्यांची कविता होते, नाहीतर ती वाणसामानाची यादीच.
सहादेवने मान हलवली. मला हलकं वाटलं.
तेवढ्यात याकोब कार्यालयाच्या फाटकातून पळत आला. हातावर जिलेबीचा पाक. "सर, आधी तो माईक बंद करा. तुमचं सगळं आमच्या डब्यावर येतंय."

८ डिसेंबर
जे कळलं ते असं. अंतरपाट धरायला वेळ होता, भटजींचा माईक बंद होता आणि याकोब जेवत होता. मंडपातल्या बारा स्पीकरवर मी. दिवंगत शिक्षकांच्या चारोळीला आठशे वऱ्हाडी दोन मिनिटं उभे राहिले. नवरदेवही. मुलीच्या मावश्या रडल्या म्हणे. मग सगळ्यांनी बसून पुढचंही ऐकलं. वाणसामानापर्यंत.
म्हणजे आवाज पोचत होता. माझा सी घेण्याचा निर्णय तंत्रदृष्ट्या बरोबर होता.
सौ.ने जेवायला वाढलं.

९ डिसेंबर
सौ. अजून काही बोललेली नाही. भाजीत मीठ बरोबर आहे. त्यामुळेच काळजी वाटते.
चहा मी केला. तिने प्यायला. मी म्हटलं, परवाचं मनावर घेऊ नको. ती म्हणाली, "तुम्ही खरं तेच बोललात. ओळी माझ्या होत्या, हे आठशे माणसांना एरवी कसं कळलं असतं?"
कपबशाही मीच विसळल्या.

१२ डिसेंबर
झुंबरबाई घरी आल्या. मी जाकीट घालून बाहेर आलो. त्यांना सौ. हवी होती. बचतगटाचा मेळावा आहे, ती चारोळी लिहिणारी बाई पाहिजे म्हणाल्या. त्यांना हेही सुचवलं की आवाजाला अनुभवी माणूस लागेल. त्या म्हणाल्या, याकोबला सांगितलंय.

२१ डिसेंबर, सकाळी ११
मेळावा. पत्रिकेवर 'सूत्रसंचालन : चांगुणा भागवत'. छापताना 'सौ.' राहिलं असावं.
याकोबने ए डबा आणि ए माईक आणलाय. तिने दोन्ही उलटे करून पाहिले, मगच हातात घेतला. मला तिने शेवटच्या रांगेत बसायला सांगितलंय. इथवर आवाज आला तर हात वर करायचा.
आला. केला.